दोन काचांच्या मधे

गिरणीत दळण ठेवताना ज्योत्स्नाबाईच्या कानावर अर्धंच पडलं. "अंकुरच्या घरची खिडकी काई बिघडली नाई व. प्रयागबाईच आतून ढकलून..." पुढचं चक्कीच्या घरघरीत गेलं, अन् बोलणारी तिला पाहून गप्प झाली ती झालीच.

केनवडात कुणाच्या घरी काय शिजलं ते ज्योत्स्नाबाईला वासावरून कळायचं. शेजारचीच गोष्ट आपल्याला ठाऊक नसावी, हे तिला झोंबलं. त्यात त्या घराची किल्ली तिच्याच कमरेला. अंकुर अन् त्याची बायको नोकरीपायी दिवसभर वाशीमला. दुपारी राजपाल मिस्त्री खिडकीच्या बिजागऱ्या बदलायला येणार, त्याला दार उघडून द्यायचं होतं.

रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज नको म्हणून अंकुरनं आईच्या, म्हणजे प्रयागबाईच्या, खोलीला दुहेरी काचेची खिडकी बसवली होती. समोरासमोरच्या खिडक्यांतल्या गप्पा तेव्हापासून बंद पडल्या. मग दोघींनी खुणा ठरवल्या. प्रयागबाईनं काचेवर पंजा टेकवला, की चहा ठेवला, ये. कडबाकुट्टीच्या यंत्रात एक बोट अर्धं गेलेला तो पंजा लांबूनही ओळखू यायचा. ज्योत्स्नाबाईनं दोन बोटं दाखवली, की दोन मिनिटांत आलेच.

दोन महिन्यांपूर्वी तो पंजा असाच टेकला होता. पुन्हा पुन्हा टेकत होता. ज्योत्स्नाबाई कुरडया घालत होती. तिनं हसून दोन बोटं दाखवली, अन् गेलीच नाही. संध्याकाळी अंकुरला आई खिडकीखाली सापडली, थंड पडलेली. गावभरच्या गोष्टी सांगणाऱ्या बाईनं ही एक गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती.

दुपारी प्रयागबाईच्या खोलीत अजून बामाचा वास होता. वाऱ्याचा लवलेश नव्हता, तरी खिडकीची झडप कुरकुरत होती. अर्धवट उघडी. ना मिटत, ना पुरती उघडत.

"भूत हाये म्हणतात इथं," राजपाल स्क्रू काढता काढता हसला. "भुताले बिजागरी कायले लागते, काकू?"

"काम कर मुकाट्यानं."

जुनी बिजागरी हातात आली तसं त्याचं हसू गेलं. "हे गंजली नाई. वाकली हाये. झडप जाम होती, अन् कोनं तरी आतून जीव लावून ढकलली. तवा उघडली नसन; वाकलेली बिजागरी मंग हळूहळू सैल झाली."

"कधी...?"

"धूळ बसली तिच्यावर. झाले असतीन महिना-दोन महिने."

ज्योत्स्नाबाई खाटेवर बसली. "उघडली असती... तं समोर आवाज आला असता का रे?"

"तुमच्या घरी? दहा पावलं तं हाये. कण्हलेलं बी आलं असतं."

तिनं समोरच्या स्वतःच्या खिडकीकडे पाहिलं.

नव्या बिजागऱ्यांवर झडप गच्च बसली. रस्त्याचा आवाज चिरल्यासारखा तुटला. "घ्या. आता कोनी ढकललं तरी उघडत नाई."

अन् खरंच उघडली नाही. गिरणीतलं बोलणं तेवढ्यापुरतं खोटं ठरलं.

ज्योत्स्नाबाई कुलूप लावून घरी आली. चहा ठेवला, अन् सवयीनं समोर पाहिलं. खिडकी बंद होती. पण दोन काचांच्या मधे, जिथं ना आतून हात पोचतो ना बाहेरून, वाफ धरली होती. त्या वाफेवर ठसा उमटला होता. पंजा नव्हता.

नुसती दोन बोटं. त्यातलं एक अर्धं.