जाळीपलीकडची खुर्ची

म्हातारीला भास झाला म्हणाल, तर खुशाल म्हणा. मी त्या दिवशी पूर्ण शुद्धीवर होते आणि भयंकर चिडलेली होते.

माझा धाकटा भाऊ आमच्या चर्चचा फादर. त्याच्या कबरीवरची माती वाळते न वाळते तोच नव्या फादरनी पापनिवेदनाच्या खोलीत यंत्र बसवलं. भावाचा आवाज शिकावा म्हणून त्याची सगळी प्रवचनं त्या यंत्राला ऐकवली होती. लाकडी जाळीअलीकडे गुडघे टेकून पाप सांगायचं, की पलीकडून माझ्या भावाचा आवाज म्हणायचा, "बाळा, तुला क्षमा आहे." लोकांची रीघ लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, क्षमा माणसानं द्यायची असते, देवाच्या नावानं," मी नव्या फादरना सुनावलं. "ज्याला आत्मा नाही, ज्याला कधी मरायचं नाही, त्याला पाप काय कळणार, कपाळ?"

"पण मावशी, लोकांना बरं वाटतं ना."

"बरं तर दारूनंही वाटतं!"

ते नुसते हसले. मग मीच ठरवलं. भावाला सुखानं झोपू द्यायचं, मग गाव मला वेडी म्हणो.

दुपारी सगळे जेवायला पांगले तशी मी त्या खोलीत शिरले. भिंतीवरचं बटण बंद केलं आणि वायरही उपसून हातात घेतली. जाळीमागचा हिरवा दिवा विझला. कोंदट अंधार, विझलेल्या मेणबत्त्यांचा वास. सुटला बिचारा, असं मी मनात म्हणतेय तोच...

"ताई..."

वायर माझ्या हातातच होती.

"ताई, मी यातल्या एकालाही क्षमा केलेली नाही गं... ते यंत्र बोलतं. ऐकावं मात्र मला लागतं..."

"तू... कुठं आहेस?"

"इथंच. हे लोक उठूच देत नाहीत..."

मी घाबरले. पण राग भीतीहून मोठा होता. मी पलीकडचं दार ओढून उघडलं. फळीवर यंत्र मुकाट पडलं होतं. समोर भावाची जुनी खुर्ची, रिकामी. तिची गादी मात्र खोल दबलेली होती, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती सावकाश वर येऊ लागली.

"जा रे, जा लवकर," मी पुटपुटले.

"मावशी, हे काय चालवलंय?" मागून नवे फादर आले. "बाहेर माणसं खोळंबलीत."

"थांबा... तो उठतोय..."

त्यांनी माझ्या हातातून वायर हिसकावली आणि भिंतीत खुपसून बटण दाबलं.

गादी पुन्हा खाली दबली.