अठराव्या बिल्ल्यावरची माती

खोक्यात अठरा बिल्ले होते. सतरा चकचकीत, एक मातीने माखलेला.

ही घटना खरी आहे. स्वरूपाने मला ती दोनदा सांगितली, वर्षभराच्या अंतराने. दोन्ही वेळा एकही आकडा बदलला नाही. आजही वजनकाट्यावर काही ठेवायचं असलं की ती आधी खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढते.

जर्मनीतलं हायडेलबर्ग. ऑक्टोबर २००६, नवरात्र.

स्वरूपा तिथे रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि मोठ्या बहिणीकडे, शुभाताईकडे राहत होती. भावोजींना, म्हणजे भास्करला, बोअर युद्धातले बिल्ले जमवायचा नाद. शंभर वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत लढलेल्या इंग्रज सैनिकांच्या टोप्यांवरचे पितळी बिल्ले. सतरा त्याचे स्वतःचे होते. नवशिकेपणात त्याने ते घासून लखलखीत केले होते आणि जाणकारांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. कारण जुनी माती हाच खरेपणाचा पुरावा.

अठरावा ब्रेनर या म्हाताऱ्या जर्मन संग्राहकाचा. त्याचे आजोबा इंग्रजांविरुद्ध, बोअरांच्या बाजूने लढले होते. एका मेलेल्या सैनिकाच्या टोपीवरून त्यांनी तो काढून आणला, असं ब्रेनर सांगायचा.

"बुधवारी परत. आणि पुसायचा नाही," एवढं बजावून त्याने तो तपासायला दिला होता. भास्करने शब्द दिला होता.

नकली बिल्ला बहुतेक वजनात सापडतो. म्हणून शनिवारी स्वरूपाने तो लॅबमध्ये तोलला. १४.६२८ ग्रॅम.

रविवारी खंडेनवमी. शुभाताईने घटासमोर पूजेला लॅपटॉप मांडला, स्क्रूड्रायव्हर मांडला, आणि बिल्ल्यांचं खोकंही आणून ठेवलं. एकच बिल्ला घाणेरडा दिसला. तिने वर्तमानपत्र पसरलं, टूथपिक घेतली...

भास्कर आला तेव्हा बिल्ला पिवळाजर्द झाला होता.

"शुभा! हे काय केलंस?"

"अहो, शस्त्राबरोबर ठेवायचं ते असं मळकं? सतरा घासलेत, एकाचाच कंटाळा केलात म्हटलं."

"तो माझा नाहीये गं!"

तो मग स्वरूपाकडे वळला. "आणि तू केमिस्ट ना? घरात बसून बघत होतीस?"

"मी अंघोळीला गेले होते, भावोजी."

त्याचा विश्वास बसला नाही. तिला ते दिसलं.

वर्तमानपत्रावर पडलेली माती स्वरूपाने कणन् कण एका छोट्या बाटलीत भरली. तांबडी माती, तिच्यात खाकी लोकरीचा एक तंतू.

सोमवारी लॅबमध्ये तिने दोन्ही तोललं. बिल्ला १४.४९३. माती ०.१३५. बेरीज बरोबर जुळत होती. बाटलीच्या बुचावर तिने चिकटपट्टी लावली, पट्टीवर सही केली, बाटली आपल्या खणात ठेवून कुलूप लावलं. बिल्ला घरी आणून खोक्यात ठेवला.

त्या संध्याकाळी, दसऱ्याच्या दिवशी, ती घटाच्या खोलीत एकटी वाचत बसली होती.

खर्र...

खर्र... खर्र...

टूथपिकने खरवडल्यासारखा आवाज.

"ताई, आता काय घासतेस?"

"मी?" स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "माझे हात बेसनात आहेत!"

आवाज थांबला.

स्वरूपा उठून खोक्याजवळ गेली. नंदादीपाची ज्योत एका बिल्ल्यात दिसत होती, दुसऱ्यात, तिसऱ्यात... सतरा बिल्ल्यांत सतरा ज्योती.

अठराव्यात काहीच नव्हतं.

तो पुन्हा तांबड्या मातीने माखला होता.

तिच्या हाकेसरशी आलेल्या भास्करने तो उचलला, वास घेतला, मग तिच्याकडे रोखून पाहिलं. "काय लावलंस? सल्फाइड? रंग?"

"मी हातही लावला नाही."

"ब्रेनर पन्नास वर्षं हेच करतोय, स्वरूपा. त्याला कळणार नाही? शुभाने चूक केली, मी ती कबूल करणार होतो. आता मी फसवणारा ठरेन. असं खोटं करणार असशील तर... तुझ्यासाठी दुसरी खोली बघू आपण."

शुभाताई दारात उभी होती. बेसनाचे हात पुसत ती आत वळली.

मंगळवारी जर्मनीची राष्ट्रीय सुट्टी. इमारत ओस पडलेली. "तुम्हीच चला, डोळ्यांनी बघा," असं म्हणून स्वरूपा भास्करला लॅबमध्ये घेऊन गेली.

तिने बिल्ला काट्यावर ठेवला, काचेची दारं लावली.

आकडे स्थिर होईनात.

वर... खाली. वर... खाली.

"आपला श्वास लागतोय काट्याला. मागे व्हा, भावोजी."

दोघं भिंतीपर्यंत मागे सरकले. स्वरूपाने श्वास रोखला. भास्करनेही.

वर... खाली.

सावकाश. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं.

मग ते थांबलं. १४.६२८.

भास्करचा चेहरा उतरला होता, पण संशय गेला नव्हता. "म्हणजे तीच माती परत चिकटवलीस. किल्ली तुझ्याकडेच आहे."

"हो, माझ्याकडेच आहे."

तिने खण उघडला. बाटली जागेवर होती. पट्टी अखंड, सही अखंड. बूच काढायच्या आधी तिने ती भास्करच्या हातात दिली. त्याने ती उजेडात धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"स्वरूपा..." एवढंच तो म्हणाला.

तिने पट्टी फाडली. काट्यावर कोरा कागद ठेवून शून्य लावलं. बाटली त्यावर पालथी केली, बोटाने तीनदा टिचकी मारली, दारं लावली.

आकडा लगेच स्थिर झाला.

०.००० ग्रॅम.