मिठी सुटल्यावर

सुदाम लिंबोऱ्याची नात ओवी ज्या वर्षी पाळण्यात पडली, त्याच वर्षी तालुक्याच्या दवाखान्यात निद्रापट आला. झोपलेल्या माणसाच्या मेंदूत उठणाऱ्या लहरी वाचून त्याचं स्वप्न पडद्यावर दाखवणारं हे यंत्र. दोन-तीन वर्षांत त्याचं नवल राहिलं नाही. रक्त तपासावं तसं लोक स्वप्न तपासून घेऊ लागले. नियम एकच होता. पडद्यासमोर घरचं माणूस बसलं पाहिजे, म्हणजे जाग आल्यावर रोग्याला धीर मिळतो.

ओवी चार वर्षांची असताना तिची आई तनुजा धरणात बुडून मेली. होडी उलटली तेव्हा नवरा प्रवीण बरोबर होता. तो जगला, पण झोपेत घुसमटू लागला. ओठ निळे पडत. घरचं माणूस म्हणून सासरा सुदामच त्याच्याबरोबर दवाखान्यात आला. सुदाम भोयांच्या वस्तीतला जुना पाणबुड्या. चाळीस वर्षांत त्याने कितीतरी माणसं पाण्यातून जिवंत काढली होती. पोटची पोर मात्र त्याला मेलेलीच सापडली.

भर दुपारी प्रवीण यंत्राखाली झोपला. पडद्यावर आधी नुसतं हिरवं पाणी आलं. मग तनुजाचं उघडं तोंड. तिने कोणाच्या तरी गळ्याला मिठी मारली होती. मग एक हात आला, मनगटावर प्रवीणचा गोंदलेला मासा. अंगठा तिच्या कानामागे रोवून त्या हाताने तिचं डोकं पाण्याखाली दाबलं.

सुदाम उठला. खुर्ची पडली.

"दाबतोय माझ्या पोरीला."

"तात्या, बसा," डॉ. केळुस्कर म्हणाल्या. "स्वप्नातलं पाणी म्हणजे पाणी नव्हे. दिवसा जे सोसवत नाही, ते झोपेत पाणी होऊन येतं. आणि बुडणाऱ्याचं तोंड कोणाचंही दिसो, बहुतेक वेळा तो झोपलेला माणूसच असतो. बायको वाचवता आली नाही म्हणून हा स्वतःलाच बुडवतोय."

"बाई, तुम्ही कधी धरणात उतरलात?"

"नाही. मला पोहता येत नाही."

"मग पाणी मला नका शिकवू. हात कोणाचा, तेवढं सांगा."

"हात त्याचाच. पण स्वप्न म्हणजे साक्षीदार नव्हे. अजून पुढचं येतंय. थांबा."

तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळं काढायचं म्हणून तो प्रवीणला होडीतून घेऊन गेला. मध्यावर वल्हं थांबवलं.

"होडी उलटली तेव्हा तनूला हात लावलास?"

"लावला, मामा."

"डोक्याला?"

प्रवीणने नवलाने पाहिलं. "डोक्यालाच तर लावायचा."

वल्ह्याचा पहिला फटका कानशिलावर बसला. दुसऱ्याने दात तुटून ओठात घुसले. तिसऱ्याला प्रवीण पाण्यात पडला आणि सुदामने त्याच्यावर उडी घेतली. जिवाच्या भीतीने प्रवीणने त्याच्या गळ्याला मिठी मारली. सुदामने छातीवर गुडघा देऊन, डोकं पकडून त्याला खाली दाबलं आणि दाबूनच धरलं. पाण्यातलं रक्त सुदामच्या तोंडाशी येत होतं, त्याने ते थुंकलं. हळूहळू मिठी सुटली.

मिठी सुटताच सुदामचा हात आपोआप प्रवीणच्या केसांकडे गेला.

चाळीस वर्षं तो हात हेच करत आला होता. बुडणारा गळ्यात पडला की वाचवणाराही मरतो. म्हणून आधी त्याला खाली दाबायचं, मिठी सोडवायची, मग केस धरून वर काढायचं. वस्तीतल्या पोरांना हे सुदामने शिकवलं होतं. लग्नानंतर प्रवीणलाही, याच पाण्यात. अंगठा कानामागे, मुंडी निसटत नाही.

केस मुठीत आले तेव्हा त्याला पडद्यावरचा अंगठा आठवला.

त्याने प्रवीणला काठावर ओढलं, पालथं घातलं, तोंडात हवा भरली. "ऊठ रे," तो म्हणत राहिला. "ऊठ, तू बरोबर केलंस."

खटल्यात स्वप्नाचा उरलेला भाग दाखवला गेला. तनुजाची मिठी सुटते. प्रवीणचा हात तिचे केस शोधतो. उन्हाळा म्हणून तिने आठवडाभरापूर्वीच मुलासारखे बारीक कापून घेतलेले. मूठ बंद होते ती रिकामी. पुन्हा शोधते, पुन्हा रिकामी. डॉ. केळुस्कर साक्षीच्या पिंजऱ्यात म्हणाल्या, "पाण्याचा अर्थ मी सांगितला. हाताचा अर्थ मला माहीत नव्हता."

सुदाम चौदा वर्षांनी सुटला. तोही झोपेत घुसमटत होता. पडद्यासमोर बसायला घरचं एकच माणूस उरलं होतं, ओवी. यायच्या आधी तिने एवढंच विचारलं होतं, "आजोबा, तुम्ही बाबांना वर काढलंत ना?"

"काढलं."

पडद्यावर हिरवं पाणी आलं. मग तिच्या बापाचं तोंड, त्याच्या कानामागे म्हातारा अंगठा. डोकं खाली गेलं.

"अजून पुढचं येतंय," डॉ. केळुस्कर म्हणाल्या. "ओवी, थांब."

ओवीची खुर्ची पडली. थोड्या वेळाने पडद्यावरचा हात केसांकडे गेला, तेव्हा ती रस्त्याला लागली होती.

तनुजा ओवीच्या चौथ्या वर्षी वैशाखात गेली, प्रवीण त्याच वर्षी ज्येष्ठात. सुदाम लिंबोरे दवाखान्यातून आल्यावर नवव्या दिवशी, घरी एकटाच झोपला असताना, श्वास कोंडून मेला.