साडेसहा मिनिटांचं मशीन

मी दुकानात शिरले ती नुसत्या फ्लॉप्या घ्यायला. उघड्या कॉम्प्युटरमध्ये मनगटापर्यंत हात घालून बसलेला तंत्रज्ञ वर न बघताच म्हणाला, "घरासाठी मशीन हवंय? हे बघा. वेगवान, आणि जुन्याशी शंभर टक्के कम्पॅटिबल."

भौतिकशास्त्र शिकलेल्या मुलीला कुणी शंभर टक्के सांगू नये.

"मोजून बघेन," मी म्हणाले.

तेव्हा कुठे त्याने वर बघितलं... आणि जरा जास्तच वेळ बघितलं.

मशीन आत्याला हवंच होतं. नऊ वर्षं खपून केलेला तिचा शब्दकोश ऑफिसच्या मशीनवर होता, आणि ती निवृत्त होत होती. नव्या मशीनला तो पेलला नसता, तर नऊ वर्षं पाण्यात. निवड तिने माझ्यावर सोपवली होती.

शनिवारी मी कोश घेऊन गेले. फाइली उघडल्या. मग सगळे शब्द अकारविल्हे लावायला सांगितले. ऑफिसच्या मशीनला अकरा मिनिटं लागत. त्याचा वेग पावणेपाच मेगाहर्ट्झ, याचा आठ; म्हणजे साडेसहा मिनिटांत आटपायला हवं.

लागली अकरा.

"पहिल्या दिवशी संकोच वाटतो," तो म्हणाला.

"मशीनला?"

त्याचे कान लाल झाले.

पुढचे दोन शनिवार तेच, अकरा. मशीन घरघरत असताना तो विचारायचा, "‘हुरहूर’चा अर्थ काय दिलाय आत्यांनी?"

"बघून सांगते."

"त्यासाठी कोश बघायला लागतो?"

मी हसायचे, आणि घरी येऊन स्वतःवरच चिडायचे. असा गोड बोलणारा माणूस खोटं मशीन गळ्यात मारत असेल तर?

"कुठंतरी पाणी मुरतंय," आत्या म्हणाली. "आज काय ते ठरव."

चौथ्या शनिवारी तो मागच्या खोलीत गेला, तेव्हा मी मशीन नीट न्याहाळलं. पुढच्या बाजूला एक छोटं बटण होतं... टर्बो. दाबलेलं नव्हतं. मी दाबलं, आणि शब्द पुन्हा लावायला सांगितले.

साडेसहा मिनिटं.

"हे काय आहे?" तो परत आल्यावर मी विचारलं.

"जुने काही खेळ मशीनच्या ठोक्यावर चालतात. फार वेगात पळाले तर खेळताच येत नाहीत. म्हणून वेग कमी करायची सोय—"

"शब्दकोश खेळ आहे का?"

"नाही."

"मग महिनाभर मला फसवलंत."

"दर वेळी साडेचार मिनिटं," तो हळूच म्हणाला. "काम झालं की तुम्ही लगेच उठून जाणार... म्हणून."

मी माझा कागद त्याच्यासमोर धरला. आत्याला द्यायला सकाळीच लिहून ठेवलं होतं: मशीन खोटं, घेऊ नये.

त्याचा चेहरा उतरला. "मशीन खोटं नाही हो. लिहायचंच असेल तर माझं नाव लिहा."

"ते मला कुठं माहीत आहे?"

त्याने सांगितलं.

मी आधीची ओळ खोडली, ‘घ्यायला हरकत नाही’ लिहिलं. खाली त्याचं नाव लिहिलं. मग, अक्षर जरा बरं यावं म्हणून, पुन्हा एकदा लिहिलं.