धुळीत अडकलेली टेप

मृण्मयी त्या दुकानात शिरली ती चुकूनच. तिला जायचं होतं शेजारच्या कॉम्प्युटरवाल्याकडे, पण त्याचं शटर खाली होतं. मे महिन्याची टळटळीत दुपार... औरंगपुऱ्याच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि तिचं डोकं तर सकाळपासूनच भडकलेलं. जे दार उघडं दिसलं त्यात ती घुसली, आणि आतून कुणीतरी ओरडलं,

"मर एकदाचा!"

ती जागच्या जागी थबकली. "मला म्हणालात?"

खुर्चीतला तरुण गर्रकन वळला. उंच, सावळा, दाढी वाढलेली, आणि डोळे असे लाल की जणू महिनाभर पडद्याकडेच बघत बसलाय. क्षणभर तो नुसता पाहतच राहिला. मग एकदम उभा राहिला.

"नाही हो... याला." त्यानं कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "लग्नाची कॅसेट उतरवत होतो. ऐन मंगलाष्टकाला बंद पडला."

"मग त्याला शिव्या कशाला? तुमचंच काहीतरी चुकलं असेल."

"माझं?"

"इथं दुसरं कोणी आहे का?"

तो काहीतरी सणसणीत बोलणार होता. पण तिनं पर्समधून कॅमेरा काढून टेबलावर ठेवला, आणि त्याचं लक्ष तिकडं गेलं. थोरल्या भावाचा जुना कॅमेरा होता तो, छोट्या कॅसेटचा. भाऊ परदेशी गेला आणि कॅमेरा कपाटात पडून राहिला. मृण्मयीनं तो बाहेर काढला होता तो हौसेसाठी नव्हे.

ती राहायची सातारा परिसरात, बीड बायपासच्या पलीकडे. तिकडं शहर वाढत होतं, इमारती वर चढत होत्या आणि पाणी खाली खाली जात होतं. दुष्काळाचं साल. बोअर कधीच आटले होते. सरकारी टँकर येणार म्हणून बायका उन्हात हंडे मांडून बसायच्या, आणि टँकर त्यांच्या डोळ्यांदेखत वळून 'मंदाकिनी रेसिडेन्सी'च्या फाटकात शिरायचा. टँकरचा ठेकेदार म्हणायचा, पुरावा दाखवा. तिच्या साध्या फोनच्या फोटोत टँकरचा नंबरसुद्धा दिसत नव्हता. म्हणून मृण्मयीनं, कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या बाईनं, चक्क रस्त्यावर उभं राहून शूटिंग केलं होतं.

"उद्या तहसीलला टंचाईची बैठक आहे," ती म्हणाली. "यातला व्हिडिओ सीडीवर हवाय. घरी वायर लावली की कॉम्प्युटर नुसते फोटो दाखवतो. व्हिडिओ नाहीच. डोकं फोडून घ्यायची वेळ आलीय."

"ही वायर फोटोंपुरतीच असते मॅडम. व्हिडिओला ही लागते, फायरवायर." त्यानं ड्रॉवरमधून दुसरी वायर काढली, कॅमेरा चालू केला, वायर लावली. कॉम्प्युटर 'टुडुंग' करून बोलला... आणि लगेच परत गप्प झाला.

"बघा!" मृण्मयी म्हणाली.

"बघतोय ना. जरा दम धरा."

त्यानं वायर काढली, दुसऱ्या भोकात लावली. सेटिंग बदलली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. मग पडद्यावर चित्र आलं, दोन क्षण हललं, आणि चौकोन चौकोन होऊन फुटलं. त्यानं कॅसेटचं झाकण उघडून आत फुंकर मारायला मान वाकवली, आणि तेवढ्यात कॅमेरा टीं टीं टीं करून ओरडायला लागला. छोट्या पडद्यावर पाण्याच्या थेंबाचं चित्र लुकलुकत होतं.

"हे काय?"

"ओल..." तो चक्रावून म्हणाला. "कॅमेरा म्हणतोय, आत ओल आलीय."

"ओल? अख्ख्या मराठवाड्यात थेंब नाही आणि याच्यात ओल?" तिनं इकडं तिकडं पाहिलं. कोपऱ्यातला कूलर भस्स करून हवा सोडत होता, आणि त्या हवेतून बारीक तुषार थेट टेबलावर उडत होते. "अहो, तुमचा कूलर थुंकतोय त्याच्यावर! आणि कूलरमध्ये पाणी? आमच्याकडे प्यायला नाही, आणि तुम्ही वारा घ्यायला पाणी ओतता? लाज कशी वाटत नाही?"

"समोरच्या दुकानातल्या एसीचं गळतं ते पाणी आहे. बादली लावून ठेवतो," तो फणकाऱ्यानं म्हणाला. "कूलर नसला तर कॉम्प्युटर तापून बंद पडतो. आम्ही काय नवाब आहोत का?"

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून मृण्मयी जास्तच चिडली.

कॅमेरा वाळेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यानं कूलर बंद केला. दुकान भट्टीसारखं तापलं. ती स्टुलावर, तो खुर्चीवर... दोघांच्या मध्ये उघड्या झाकणाचा कॅमेरा, आजाऱ्यासारखा आ वासून पडलेला.

"नाव काय तुमचं?" शेवटी तिनं विचारलं.

"हिमांशू."

"हिमांशू! नाव चंद्राचं, आणि डोकं हे असं तापलेलं."

तो हसला नाही, पण ओठांचा कोपरा हलला. "अन् तुमचं?"

"मृण्मयी."

"म्हंजे मातीची." त्यानं कापसाचा बोळा कॅमेऱ्याच्या कडेनं फिरवून तिच्यापुढं धरला. बोळा लालसर झाला होता. "तरीच याच्यात एवढी माती."

तिला हसू आलं. दाबूनही दाबलं गेलं नाही. तो मूळचा पिशोरचा, लग्नांची शूटिंग करून कंटाळलेला, आता जाहिरातींच्या फिल्म करायच्या म्हणून धडपडणारा. बोलता बोलता 'म्हंजे', 'लई' असं बोलायचा, मग एकदम सावरून शुद्ध बोलायला लागायचा. तिला ते सावरणं आवडलं... आणि आवडलं म्हणून स्वतःचाच राग आला.

तेवढ्यात त्याचा हात माऊसला लागला. दुसरा पडदा जागा झाला. त्यावर निळाशार पोहण्याचा तलाव होता, काठोकाठ भरलेला. मागं इमारत. इमारतीवर नाव.

मंदाकिनी रेसिडेन्सी.

मृण्मयी उठून उभी राहिली. "हे... हे तुम्ही केलंय?"

"जाहिरात आहे त्यांची. का?"

"का? हे पाणी कुणाचंय ठाऊक आहे? आमच्या वस्तीतल्या गीताबाईंच्या हंड्यातलं आहे! सकाळपासून उन्हात बसून त्या रिकाम्या हातानं घरी जातात, आणि तुम्ही त्याला निळा रंग चढवून विकता?"

हिमांशूचा चेहरा उतरला. त्यानं तो पडदा बंद केला. मग हळूच म्हणाला, "मला माहीत नव्हतं. शूटिंगच्या दिवशी मी लवकर गेलो होतो. टँकर आले, तलाव भरला. शूटिंग झालं आणि सगळं पाणी नालीत सोडून दिलं. मी विचारलं तर बिल्डरसाहेब म्हणाले, तू तुझं काम कर."

"टँकर? कसले टँकर? काय लिहिलं होतं त्यांच्यावर?"

तो गप्प.

"तुमच्या टेपवर आहेत ते," ती एकेक शब्द तोलत म्हणाली. "आहेत ना?"

"मॅडम, त्यांच्या पुढच्या सगळ्या इमारतींचं काम मला मिळणार आहे. मी दुकान—"

"बुडा मग त्या निळ्या पाण्यात!" ती दारापर्यंत गेली, परत वळली. "कॅमेरा वाळला की टेप उतरवून ठेवा. उद्या सकाळी येते."

सकाळी ती आली तेव्हा तो तसाच बसला होता. त्यानं कॅमेऱ्याचं टेप वाचणारं हेड साफ केलं होतं, टेप उतरवली होती, पण तुकड्या-तुकड्यांनी.

"तुम्ही मधेमधे टेप मागं नेऊन बघत होता ना?" तो म्हणाला. "त्यानं मधे कोऱ्या जागा राहिल्यात. कोरी जागा आली की कॉम्प्युटर थांबतो. प्रत्येक तुकडा हातानं पकडावा लागला. आणि..."

"आणि काय?"

त्यानं चित्र लावलं. रस्ता, ऊन, हंड्यांची रांग, सगळं स्वच्छ. मग टँकर आला. टँकर वळला, आणि नेमका तिथंच पडदा चौकोनांनी भरून गेला. टँकर आहे की हत्ती, ओळखू येत नव्हतं.

"तुम्ही बिघडवलंत!"

"मी नाही, धुळीनं. टँकर वळला तेव्हा धुळीचा लोट उठला असेल, तो हेडवर बसला. टेपवरच तसं उमटलंय, आता कुणाच्या बापाला सुधरणार नाही. कॅमेरा पदराआड धरायला पाहिजे होता."

"मी पदर घेत नाही! ओढणी घेते!" ती किंचाळली, आणि रागानं तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

हिमांशू गडबडला. माठातलं अर्धा पेला पाणी त्यानं तिच्यापुढं केलं. तिनं ते घेतलं, प्यायली, आणि पेला ठेवताना त्याच्याकडे पाहिलं. ती नजर त्याच्या टेपबद्दलच विचारत होती. त्यानं नजर खाली घातली.

"समजलं," मृण्मयी म्हणाली. सीडी उचलली आणि निघून गेली.

तहसीलच्या हॉलमध्ये पंखे नुसते गरगरत होते. ठेकेदार पांढऱ्या कपड्यांत पहिल्या रांगेत. गीताबाई आणि वस्तीतल्या बायका मागं जमिनीवर. अधिकाऱ्यांनी सीडी पाहिली, चष्मा काढला.

"बाई, यात काहीच दिसत नाही."

"मॅडमनी बुद्धिबळाचा पट आणलाय साहेब," ठेकेदार हसला. चार-दोघं त्याच्यासोबत हसले.

 मृण्मयी बोलायला उठली, आणि मागच्या दाराशी गलका झाला. घामानं निथळलेला हिमांशू, गळ्यात मोठा कॅमेरा, हातात वायरींचा गुंता.

"साहेब, दुसरी टेप आहे," तो म्हणाला. "उतरवायला गेलो तर कॉम्प्युटर मेला. म्हणून कॅमेराच आणलाय. त्या टीव्हीला जोडतो."

ठेकेदाराचं हसू थिजलं. हिमांशूनं वायरी लावल्या. आवाज आला, चित्र नाही. पिवळी पिन सैल होती. हात लावला की चित्र यायचं, सोडला की जायचं. एका हातानं तो कॅमेरा सांभाळत होता, दुसरा पिनेपर्यंत पोचत नव्हता.

"मृण्मयी..." तो म्हणाला. मॅडम नाही. मृण्मयी. "जरा धरता का?"

ती धावली. पिन दाबून धरली. तिरकी धरावी लागत होती, म्हणून त्यानं तिच्या बोटांवर बोटं ठेवून कोन दाखवला... आणि मग ती बोटं काढलीच नाहीत. चित्र हलू नये म्हणून असेल.

टीव्हीवर टँकर आला. पाठीवर ठळक अक्षरं — 'पाणीटंचाई, विनामूल्य'. नंबर. पाइप. निळा तलाव. मग नालीतून धो धो वाहत जाणारं पाणी. मागच्या बायका पुढं सरकून बघू लागल्या.

"आगं बया..." गीताबाई उठून उभ्या राहिल्या. "आमी घोटघोट पानी पुरवून पितो, अन् ह्ये नालीत सोडत्यात? बोला की आता! पांढरे कपडे घालून बसलाय ते!"

त्यानंतर जो कल्लोळ झाला त्यात कोण काय बोललं ते मृण्मयीला आठवत नाही. अधिकाऱ्यांनी तिथंच ठेका थांबवला, एवढं कळलं. तिला आठवतो तो फक्त बोटांवरचा त्याच्या बोटांचा भार.

बाहेर निंबाखाली तिनं त्याला गाठलं.

"काल नाही म्हणालात!"

"मी नाही म्हणालोच नव्हतो. गप्प बसलो होतो."

"गप्प बसणं म्हणजे नाहीच असतं!"

"आमच्या पिशोरात गप्प बसणं म्हंजे विचार करणं असतं."

त्याचा फोन वाजला. तो ऐकत राहिला, मग "बरं," म्हणाला आणि फोन खिशात ठेवला. बिल्डरचा होता. काम गेलं होतं, आणि इतर बिल्डरांनाही सांगितलं जाणार होतं.

"मग तुम्ही भांडला का नाहीत त्याच्याशी?" मृण्मयी उसळली. "बरं काय बरं!"

"तुम्ही आहात की भांडायला," तो थकून म्हणाला, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

वस्तीत टँकर येऊ लागला. हिमांशू मात्र आला नाही. फोन नाही, निरोप नाही. मृण्मयी बारावीच्या उन्हाळी वर्गात मुलांवर ओरडू लागली, घरी आईवर, रस्त्यात रिक्षावाल्यांवर. पुन्हा एकदा ती त्या दुकानापर्यंत गेली. शटर बंद. तिथं उभी राहून तिनं शटरलाच लाथ मारली, आणि लंगडत घरी आली.

मग एका संध्याकाळी ती रांगेत उभी असताना तो समोरून चालत आला. दाढी केलेली. हातात काहीच नाही. रिकामे हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"कुठं होतात?" ती कडाडली. रांगेतल्या सगळ्या बायका वळल्या.

"बिडकीनला. तिथं एकानं स्टुडिओ काढलाय, त्यात काम मिळालं. म्हटलं, आधी पायावर उभं राहावं, मग..."

"मग काय? एक फोन करता येत नव्हता? माणूस मेलं का जगलं, कुणाला पत्ता नाही! इतका राग येतो मला तुमचा... इतका, की दुसरं काही सुचत नाही! काल वर्गात आरशांचं सूत्र लिहायला गेले, आणि फळ्यावर तुमचं नाव लिहून बसले!"

ती बोलली... आणि मग तिला कळलं की आपण काय बोललो. कानापर्यंत लाल झाली. गीताबाईंनी तोंडाला पदर लावला.

"माझं नाव?" हिमांशू अगदी हळू म्हणाला. "मग... मुलं काय म्हणाली?"

"काय म्हणणार? हसली मेली."

"अन् तू पुसलंस?"

तू. तिनं त्याच्याकडे पाहिलं. रांग पुढं सरकली होती, मागच्या बाया "चला की तायी" म्हणून ढकलत होत्या, आणि ती तिथंच उभी.

"नाही," मृण्मयी म्हणाली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. "तास संपेपर्यंत तसंच ठेवलं."