एक, पाच, तीन, सहा, दोन, चार

भाद्रपदातली दुपार होती. महेंद्र बालाघाटहून फक्त एक फॉर्म भरायला आला होता. लामत्याच्या पुढे, जंगलाला टेकलेल्या त्या गावात एक जुनी पिकअप होती. ती आजारी माणसं न्यायच्या लायकीची आहे की भंगाराच्या, एवढंच त्याला लिहायचं होतं. आणि काय लिहायचं ते त्यानं बसमध्येच ठरवून टाकलं होतं. निकामी. नुकताच इंजिनिअर झालेला चोवीस वर्षांचा गडी तो. एका मेलेल्या मिस्त्रीच्या जुगाडावर अख्ख्या गावानं विसंबावं, याची त्याला चीड येई. निकामी लिहिलं तरच नवी अँब्युलन्स मिळेल, असं त्याचं ठाम मत होतं.

मिस्त्री म्हणजे शालिकराम. तिरोडीकडे मोडीत निघालेल्या एका ट्रकचं सहा सिलिंडरांचं टर्बो इंजिन त्यानं स्वतःच्या हातानं या पिकअपमध्ये बसवलं होतं. गेल्या होळीला तो वारला, तोवर तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरून गावातल्या प्रत्येक आजाऱ्याला त्यानंच बालाघाटला पोचवलं.

"नऊ लाख किलोमीटर?" मीटरवरचा आकडा वाचून महेंद्र हसला. "मीटर बिघडला असन, काकू."

"मीटर बिघडते, बाबू. माणूस खोटं बोलते. इंजिन नाही बोलत," शालिकरामची बायको जिजाबाई म्हणाली. "थे म्हनत, टर्बो म्हनजे त्याचा दुसरा श्वास. एक तुटला तरी दुसरा असतेच."

महेंद्रनं बॉनेट उचललं आणि वाकून आत पाहिलं. तेलाचा एक ओघळ नाही. नऊ लाख किलोमीटर धावलेलं लोखंड देवघरातल्या समईसारखं स्वच्छ. तरी त्यानं पाना घेतला आणि पंपातून सिलिंडरांकडे डिझेल नेणाऱ्या सहाही नळ्या तपासायला काढल्या. गोणपाटावर एकीशेजारी एक, ओळीनं मांडल्या. या नळ्या नसतील तर सिलिंडरात डिझेलचा थेंब जात नाही; इंजिन म्हणजे नुसतं वजन.

कॉलेजात पाठ केलेला सिलिंडर पेटण्याचा क्रम सवयीनं त्याच्या मनात घोळला. एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. त्याची बोटं नकळत मडगार्डवर वाजू लागली.

जिजाबाई दचकली. "थेही असंच वाजवत. झोपीतही, चटईवर. काहून, थे मले कधी समजलं नाही."

तो हात धुवायला विहिरीवर गेला आणि तेवढ्यात आरडाओरडा झाला. प्रेमलाल आपल्या बायकोला, गीताला, पाठीवर घेऊन धानाच्या बांधीतून धावत येत होता.

"नाग चावला! बाबू, जल्दी करा, तिचे डोये मिटून राह्यले!"

महेंद्र धावला. अंगणात पिकअप सुरूच होती. जिजाबाईनं चावी फिरवून ठेवली होती, बॉनेटही पाडलेलं होतं. चालत्या इंजिनावर कोण शंका घेतो? तो स्टिअरिंगवर बसला, बाजूला गीताला कवटाळून प्रेमलाल, आणि गाडी निघाली.

गावाबाहेरच्या घाटाच्या चढावर महेंद्रचा सगळा तोरा गळून पडला. तिसऱ्या गियरमध्ये असली गाडी हा घाट चढूच शकत नाही, हे त्याला पुस्तकातून ठाऊक होतं. गाडी चढत होती. ॲक्सिलरेटरवर पाय नीट टेकलाही नव्हता. टर्बोची बारीक शिट्टी वाढत गेली, सागाच्या झाडांमधून परत आली... आणि मग त्याच्या लक्षात आलं, शिट्टी वर गेली की गीताची छाती वर येते. शिट्टी उतरली की खाली.

"श्वास घेऊन राह्यली का?" त्यानं हळूच विचारलं.

"हौ..." प्रेमलाल पुटपुटला. "पन हा श्वास... तिचा नाही वाटत, भाऊ."

केबिनमध्ये ताज्या घोटलेल्या खर्ऱ्याचा वास होता. तिघांपैकी कोणीच खर्रा खात नव्हतं.

बालाघाटच्या दवाखान्यात गीताला आत नेलं, सलाइन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. "वेळेत आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. महेंद्र बाहेर आला. पिकअप अजून संथ घुमत होती. असलं इंजिन एकदा डोळे भरून पाहावं म्हणून त्यानं बॉनेट उचललं.

पंपाची सहा तोंडं उघडी होती. कोरडी. नळ्या गावात, गोणपाटावर होत्या.

त्याचा हात चावीकडे गेलाच नाही. बंद करण्याआधी टर्बोला दोन मिनिटं दम घेऊ द्यावा लागतो. कॉलेजात शिकलेलं हे त्याला आठवलं, किंवा कोणी तरी आठवण करून दिली. तो हात जोडल्यासारखा उभा राहिला. बरोबर दोन मिनिटांनी इंजिन आपसूक थांबलं. त्यानं चावी काढून खिशात टाकली, दारं लॉक केली आणि गाडी दवाखान्यापाशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तो पुन्हा त्या गावात आला. गीता बोलू लागली होती, ही बातमी त्याच्या आधीच पोचली होती. फॉर्म कोराच होता. जिजाबाई गोणपाटाजवळ बसली होती.

"तू गेल्यावर ह्या वाजत होत्या," ती शांतपणे म्हणाली. "एक एक हालत जाय. पयली, मंग पाचवी, मंग तिसरी..."

"...सहावी, दुसरी, चौथी," महेंद्र म्हणाला.

"हौ. तुमी पोचले असान, तवा चूप झाल्या."

त्यानं फॉर्म बाहेर काढला. त्यावर छापलेल्या 'योग्य' आणि 'निकामी' या शब्दांपैकी 'निकामी'वर त्यानं काट मारली आणि सही करायला वाकला.

टक्.

पहिली नळी हलली. मग पाचवी. मग तिसरी. त्यानं बोटानं तिला स्पर्श केला. गरम होती, आणि आतून ठोके येत होते.

"कोनाले तरी गाडीची गरज पडली असन," जिजाबाई म्हणाली आणि पदर डोक्यावर ओढून रस्त्याकडे बघू लागली.

महेंद्रनं खिशात हात घातला. चावी तिथंच होती.