बुडालेली परेड

“आयुष्यभर आईला नाहीच म्हणत आलात तुम्ही, बाबा! निदान तिथं तरी तिला मोकळं सोडायचं होतंत!”

विमानतळावरून आई-बाबांच्या येलहंक्याच्या घरी येऊन अजून बॅगाही उघडल्या नव्हत्या, तोच ईशानचा इतक्या दिवसांचा कोंडलेला संताप उसळून बाहेर पडला. प्रतिमा आत जाऊन आडवी झाली होती. सून सिद्धी चहा टाकायचं निमित्त करून स्वयंपाकघरात सटकली. विद्याधर मात्र मान खाली घालून बुटांच्या नाड्या सोडत राहिले.

टोकियोच्या डिस्नेलँडला जायचं हा नात शमिकाचा हट्ट होता, आणि आजीशिवाय जायचं नाही हा त्याहून मोठा. ईशाननं हौसेनं सगळं जुळवलं आणि आजोबांनी तिथं जाऊन त्यावर पाणी फिरवलं! प्रतिमाला एकाही पाळण्यात बसू दिलं नाही. तिला कुणी काही विचारलं की हे आधीच उत्तर देऊन मोकळे. ती बाथरूमला गेली तरी हे दाराशी पहारेकऱ्यासारखे उभे! आणि जिच्यासाठी शमिका दिवसभर नाचत होती ती शेवटच्या संध्याकाळची परेड सुरू होणार, तेवढ्यात “माझं डोकं दुखतंय” म्हणत बायकोला घेऊन सरळ हॉटेल गाठलं.

“जन्मभर तुमचं ते गुप्त संशोधन! आम्हाला कधी अवाक्षर कळू दिलं नाहीत. तेही सोसलं आम्ही. पण आईनं काय घोडं मारलंय तुमचं?”

विद्याधरांनी दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. कसं सांगायचं? त्या संध्याकाळी आइस्क्रीम घेऊन ते वळले, तर प्रतिमा जागेवर नव्हती. सापडली तेव्हा परक्या माणसांच्या गर्दीत ती लहान मुलासारखी रडत उभी होती... “ईशानला सांगू नका हो! त्याच्या डोळ्यांत मला माझी कीव बघायची नाही. माझी शपथ आहे तुम्हाला!” वर्षापूर्वी डॉक्टरांनी निदान केल्यापासून ती ही शपथ रोज नव्यानं घालत होती, कारण काल घातल्याचं तिला आठवत नसे. देशाची गुपितं त्यांनी निमूट सांभाळली होती. हे एवढंसं घरातलं गुपित मात्र त्यांचं काळीज पोखरत होतं.

“बोला ना, बाबा!”

“माझं चुकलं,” ते म्हणाले.

“इतकंच? मग आम्ही निघतो. पुन्हा इथं पाऊल टाकणार नाही! शमिका, चल!”

शमिका आतून आजीचा हात धरून आली. दुसऱ्या हातात मोबाईल, त्यात फोटो.

“स्वल्प थांब गं,” म्हणत प्रतिमा एका फोटोवर वाकली. निळ्या शिखरांचा तो राजवाडा पाहून तिचा थकलेला चेहरा आनंदानं उजळला.

“अगं बाई, काय सुंदर आहे! कुठलं हो हे? आपण कधी जायचं?”

सिद्धी ट्रे घेऊन दारातच थबकली.

“आजी, अगं, आपण कालच...” शमिका बोलू लागली, पण विद्याधर सवयीनं मध्ये पडले.

“जाऊ हं, प्रतिमा. लवकरच जाऊ.”

सवयीनं! ईशानला सगळ्या दिवसांचा उलगडा झाला... ती घाईघाईची उत्तरं, तो दाराशी पहारा, ती डोकेदुखी! तो मटकन वडिलांच्या पायांशी बसला.

“बाबा... केव्हापासून?”

विद्याधरांनी शपथ पाळली. ते चष्मा पुसू लागले.

“बघितलंस शमू, लगेच हो म्हणाले!” प्रतिमा कौतुकानं म्हणाली. “यांनी मला कधी कशाला नाही म्हटलंच नाही.”

ईशाननं वडिलांच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. हुंदक्यांनी त्याचं सर्वांग हादरू लागलं. “क्षमा करा मला, बाबा... मी तुम्हाला काय काय बोललो!”

“हळू, बाळा,” विद्याधर त्याच्या कानाशी पुटपुटले, आणि इतका वेळ आवरलेले त्यांचे अश्रू त्याच्या केसांत ओघळले. “तिला कळेल.”

पण प्रतिमाला दिसलंच. ती जवळ आली, ईशानच्या पाठीवरून हात फिरवत त्याच्याकडे निरखून बघत राहिली आणि मग विद्याधरांना हळूच म्हणाली,

“कुणाचा हो हा मुलगा? किती रडतोय बिचारा... आपण जाऊ ना, तेव्हा यालाही नेऊ.”